अँगसचा घागरा आणि जाधवांचं देवक

४ मार्च, मंगळवार
फोटो पाठवायचा आणि वर विचारायचं, कसा वाटतो. कसा वाटणार? मिशा हायत, पिंढऱ्या हायत, मधी घागरा हाय. ह्यासाठी उत्कर्षाला एडिंबराला शिकाया धाडली? म्हणती, ह्या अँगसशी लगीन करणार. आणि घागरा न्हाई आई, किल्ट म्हणत्यात. म्हणू दे. चुण्या दिसत्यात मला.
ठरवलं. तपास पुरा झाल्याबिगर व्हय म्हणायचं न्हाई. तिचा फोनसुदिक उचलायचा न्हाई.

सांजच्याला
उचलला. तपासासाठीच.

६ मार्च, गुरुवार
कराडला जाऊबाईकडं गेले. राहीबाई गेल्या साली युरोपची टूर करून आली, तवापासनं तिला सगळं ठावं. म्हणली, तिथं ह्या घागऱ्याचं चौकड्याचं कापड घराघराचं ठरलेलं असतं, हजार वर्सांपासनं. दुकानदारानं तिचं आडनाव विचारलं, कंप्युटरात बघितलं आणि जाधवांचा म्हणून मफलर काढून दिला. मी म्हणलं, जाधव तिथं कवा गेलते? म्हणली, आपली माणसं कुठंकुठं लढाया गेली, तुला काय ठावं.
मफलर फोटोशेजारी धरला. तांबडं तेच, हिरवी रेघ तीच. अंगावर काटा आला. पोरगा जाधवच निघाला. आमचा भाऊबंद. एका देवकात लगीन लावायचं कसं?

७ मार्च, शुक्रवार
उत्कर्षाला सांगितलं, तो तुझा भाऊ लागतो. लय वेळ हसली. म्हणली, ते तांबडं कापड तिथं बिस्किटाच्या डब्यावर बी असतं, कुणालाबी इकत्यात. ह्या घराचं हे, त्या घराचं ते, ही वाटणी बहुतेक दोनशे वर्सांमागची. राजा फिराया येणार म्हणून लोकांनी हौस केली, गिरणीवाल्यांनी कापडाला घराण्यांची नावं लावली. त्याआदी इणणाऱ्याकडं जो रंग असंल तो. आणि आखूड किल्ट बी तसा अलीकडचाच. जुनी माणसं आख्खं कापड घोंगड्यागत गुंडाळायची.
म्हणलं, मग अँगसचं कुठल्या घरचं? म्हणली, भाड्याचं. दोस्ताच्या लग्नापुरतं आणलेलं.
म्हणजे कूळ न्हाई, देवक न्हाई, घागरा बी स्वताचा न्हाई. संशय वाढला.

९ मार्च, रविवार
मालकांना बजावलं, मी सांगस्तवर तिला काय बी बोलायचं न्हाई. मान हलवली. फौजेत राहिलेला माणूस, हुकूम मोडायचा न्हाई.

१० मार्च, सोमवार
अँगस व्हिडिओवर आला. मोडकंतोडकं नमस्कार आई म्हणला. देवक विचारलं. उत्कर्षानं समजावल्यावर म्हणला, तुम्ही द्याल ते माझं. गोड बोलणाऱ्यावर माझा इश्वास न्हाई.
माझ्या भावानं त्याला दत्तक म्हणून मांडीवर घेतला तर भावाचं देवक लागंल. हे तिला सांगितलं न्हाई. म्हणंल, आई राजी झाली.

१५ मार्च, शनिवार
आत गेले तर मालक आरशापुढं, कमरेला टेप लावून. म्हणलं, काय चाललंय? म्हणले, जावईबापू किल्टसाठी गुरुवारपर्यंत माप मागतोय. फौजेच्या बँडात बघितल्यापासनं मला हौस हाय. म्हणले, लग्नाची तारीख मे महिन्यातली धरलीया, कराडला हॉल बी सांगितलाय. सगळ्या भावकीला ठावं. राहीबाईनं साडी घेतली. ऱ्हायले ते मीच.
तरी मी अजून व्हय म्हणलेलं न्हाई. उत्कर्षाला मेसेज टाकला: राहीबाई म्हणती, त्या घागऱ्याच्या आत काय बी घालत न्हाईत. तुझा बा भर मांडवात, समद्या भावकीपुढं, मांडी घालून कन्यादानाला बसणार हाय. खरं काय ते गुरुवारपर्यंत कळव.