चंपीच्या पिलांसाठी ग्रामसभेला

सत्यभामा,

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे खडी फोडायला जायचो, तेव्हा घर राखलं ते आपल्या चंपी कुत्रीच्या खापरपणजीनं. तिची पिलं पार ढोकीच्या साखर कारखान्यापर्यंत राखणीला गेली. आणि आज तुझा नवरा सरपंच होऊन ठराव मांडतोय, प्रत्येक पाळीव कुत्रीचं ऑपरेशन सक्तीचं! मी विरोध करायला निघाले. सकाळी म्हणाला, “आये, तू नको येऊ, लोक हसतील.” हसू देत. ज्याला करायचंय त्यानं करावं, सक्ती कशाला? शेजारच्या मालनबाईनं पुढच्या वेतातलं पिल्लू मागून ठेवलंय, रीतीप्रमाणं चंपीला गूळही चारलाय. मालनबाईला दिलेला शब्द मोडू का? चंपीला सोबत नेतेय. आळीतल्या सगळ्या बायका माझ्या बाजूनं आहेत.

संध्याकाळी माझ्या बलभीमला आधी वाढ. बिचारा हरून येईल.

— आत्याबाई