मधली सहा पानं

३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझी दत्तक-संस्थेकडची फाइल अखेर आली. पालक म्हणून तिथे अजून आईचीच नोंद आहे, म्हणून तिच्या ईमेलवर आली. एकशे त्रेचाळीस पानं! अर्धी तिरकी स्कॅन केलेली, काही चक्क उलटी. लसींचे तक्ते, वजनं, कितीला दूध प्यायलीस त्याच्या नोंदी. तेव्हाही तू एका जागी ठरत नव्हतीस असं लिहिलंय, म्हणजे टोपणनाव आम्ही उगाच नाही ठेवलं.

तुझ्या बाळंतपणासाठी डॉक्टरीणबाईंना एवढं बाड काय करायचंय? शाळेच्या ऑफिसात मी रोज हेच करते. हवी ती पानं निवडली, त्यांची वेगळी फाइल केली. अकरा पानं ईमेलने पाठवली आहेत. बारा क्रमांकाचं पान आठवणीने दाखव. तुला जन्म देणाऱ्या बाईंचा रक्तदाब आठव्या महिन्यात वाढला होता, म्हणून तू लवकर झालीस. घाबरू नकोस, पण अंगावरही काढू नकोस.

आईचे गुडघे कुरकुरतात, आणि त्यांच्यावर कडी म्हणून आई. आमच्या जावयांना सांग, जड पिशव्या आता त्यांच्या.

माया आहे तशीच असू दे, दोन चमचे जास्त झाली तरी चालेल.
तुझी ताई

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पानं मिळाली. डॉक्टरीणबाईंनी बारावं पान दोनदा वाचलं. आता दर आठवड्याला रक्तदाब तपासायचा आणि मीठ जवळजवळ बंद. या माहितीवाचून त्या चाचपडत होत्या, असं त्यांनीच सांगितलं. तुझे उपकार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही.

एक विचारू? चोविसाव्या पानाची शेवटची ओळ 'या मुलीला भेटायला' इथे तुटते. तुझ्या फाइलमधलं पुढचं पान आहे एकतीस. मी दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासते, अर्धं वाक्य सोडून पुढे जाणं मला जमत नाही. हे म्हणाले, ताईंच्या हातून सुटली असतील. मी म्हटलं, माझ्या वह्यांना कव्हरं घालताना जिने एक कोपरा वाकडा होऊ दिला नाही, तिच्या हातून सहा पानं सुटत नाहीत.

काही वाईट असलं तर तेही सांग. कोण आलं होतं मला भेटायला?

राग आला तरी लोभ ठेव.
तुझी भिंगरी

१९ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पानं सुटली नाहीत. मीच वगळली.

पंचविसाव्या पानाच्या चार ओळी वाचल्या. तुला जन्म देणाऱ्या बाई भेटायला आल्या होत्या एवढं कळलं. पुढचं वाचायची हिंमत झाली नाही. निवडताना सहाही पानांवर केलेली खूण काढून टाकली. मनाला सांगितलं, आईला बोचेल. खरं कारण वेगळंच होतं. तू त्यांना शोधायला निघशील आणि मी कागदोपत्री ताई उरेन, याची धास्ती वाटली. चव्वेचाळिसाव्या वर्षी असं वाटावं, याची लाजही वाटते.

तुझं पत्र आलं तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती चष्म्याची काडी बसवत होती. मान वर न करता म्हणाली की तिला हे पहिल्यापासून ठाऊक आहे. तू अठराची झालीस की सांगायचं ठरवलं होतं, मग लग्नानंतर, मग जीभच रेटेना. आणि मला विचारलं की ही काय तुझ्या शाळेची फाइल आहे? जिची आहे तिला दे.

पानं वेगळी काढली तरी मूळ फाइलमधून काही जात नाही. ती जशीच्या तशी होती, पूर्ण पाठवली आहे. रुसायचं तर रुस, पण रागाच्या भरात मीठ खाऊ नकोस.

मी चुकले. तरी तुझीच,
ताई

२८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, दोन दिवस तुझ्यावर फार चिडले होते. मग वाचायला बसले. तू वाचलं नाहीस, म्हणून लिहिते.

त्या तीनदा आल्या होत्या. पहिल्या दोन्ही वेळी फाटकातूनच पाहून गेल्या. संस्थेच्या अधीक्षकबाईंनी आत बोलावलं तर म्हणाल्या की एकदा घेतलं तर खाली ठेववणार नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी तुमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. त्यांनी पत्ता मागितला नाही. त्या घरात आणखी मूल आहे का, एवढंच विचारलं. अधीक्षकबाई नुकत्याच आपल्या घरी पाहणी करून आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की सात वर्षांची मुलगी आहे, बाळाला कुणाच्या हातात देत नाही, पाहणीला गेले तर मलाही दिलं नाही. त्यावर त्या पहिल्यांदाच हसल्या, असं तिसाव्या पानावर लिहिलंय. मग पुन्हा कधी आल्या नाहीत.

ताई, मी ते पान हातात धरून खूप रडले. हे घाबरून रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आले. तो ठीक आहे.

त्यांना शोधायचं का, ते अजून ठरलेलं नाही. निघालेच तर तुला घेऊन निघेन. आईला म्हणावं, अठराव्या वर्षी कळलं असतं तर मी नक्की तमाशा केला असता.

ऑगस्टची अखेर सांगितली आहे, पण लवकरही होईल. रजेचा अर्ज आताच टाक आणि आईला घेऊन ये. बाळ आधी तुझ्याकडेच देणार आहे. परत मागितलं तर देशील ना?

तुझी भिंगरी