टबावरचे बोंबील

लोणावळा

आई, तुज्या पायांवर डोकं ठेवून दर्पण लिहितो. मी बरा हाय.

बंगल्यातलं काम सोपं हाय. अंगणातला गरम पाण्याचा टब तेवढा सांबाळायचा. पाहुणे अंगाला तेल लावून उतरतात, मग पाणी फेसाळतं. जाळी धुवायची, क्लोरीनची पूड टाकायची. आदी ती पूड नाकाला झोंबायची, आता काय वाटत नाय.

बाबांचे गुडघे कसे हायत? बोटीवर जातात का? त्यांना या गरम पाण्यात बसवावं असं रोज वाटतं. बोईसरला कुठं काम निघालं तर दादूकाकाला कळवायला सांग. घाई नाय.

आपल्या शेजारच्या हेतलनं इकडं येताना तुजे सुके बोंबील पोचवले. प्रवासात ओलसर झालेले, म्हणून टबाच्या कोमट झाकणावर वाळत पसरले. पाहुणे नाकाला रुमाल लावून बाहेर आले. मालक म्हणाले, "अरे, सगळा बंगला घाणतोय. तुला वास येत नाही का?"

मी बोंबील गोळा केले. मग खोलीत जाऊन एक बोंबील मोडला, चुरला, नाकाशी धरला.

आई, मला खरंच वास आला नाय. इकडं थंडी लई हाय. सर्दीच असेल.

तुजा,
दर्पण