सेन्नीने सांगून टाकलं

३ नोव्हेंबर
पुन्हा तेच! फार्मसीच्या वर्गात विचारलं, "औषध देताना तुमच्या हातून चूक झाली, तर पहिलं काय कराल?" मागून आवाज — "आधी बॉसचा मूड बघू!" सगळे हसले. इतकी वर्षं रुग्णांची सुरक्षा शिकवतेय. उत्तर काही बदलत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
ताइस्तोंना वर्गात बोलावलं होतं. त्यांची बायको सांधेदुखीची गोळी घ्यायची. आठवड्यातून एकदाच घ्यायची ती. औषधाच्या दुकानातून डबीवर लिहून आलं, 'रोज एक'. त्यातच गेली. ते टोपी हातात चुरगाळत बोलले. आणि सेन्नी — वर्गातली सगळ्यात हुशार! — विचारते, "पण डबीवरचं त्यांनी वाचलं नव्हतं का?"
मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ताइस्तो शांतपणे म्हणाले, "वाचायची की, बाळ. रोज वाचायची आणि रोज घ्यायची."
नंतर कॅन्टीनमध्ये ताइस्तोंनी आणि मी वाटाण्याचं सूप घेतलं.

१४ नोव्हेंबर
विभागप्रमुख पिर्यो — "मार्यूत, पुढच्या वर्षी तुझा विषय एका व्हिडिओत बसव ना. मुलांना अक्कल असते गं."

२५ नोव्हेंबर
सेन्नीचा फोन. रडत होती. प्रशिक्षणासाठी औषधाच्या दुकानात आहे सध्या. एका आजोबांना रक्त पातळ करायची गोळी दुप्पट ताकदीची दिली — तिनेच. साठा तपासताना लक्षात आलं. मालकीण म्हणते, "गप्प बस. काही झालं असतं तर कळलं असतं."
"मार्यूत मॅडम, काय करू?"
"त्यांना फोन लाव. नाही उचलला तर घरी पळ. आत्ता!"

२६ नोव्हेंबर
ती पोचली तेव्हा आजोबांच्या दारात रुग्णवाहिका होती. डोक्यात रक्तस्राव. तिथेच डॉक्टरांना, आजोबांच्या मुलीला, सगळं सांगून टाकलं तिने. मुलीने तोंडावर दार आपटलं. मालकिणीने दुकानातून काढलं.

२ डिसेंबर
आजोबा गेले. सेन्नीने कॉलेज सोडलं. पिर्यो म्हणाली, "कशाला भरीला घातलंस पोरीला?" गप्प बसली असती तर निदान शिकून तरी बाहेर पडली असती.
हे मी लिहितेय. मी!

१२ डिसेंबर
आजोबांच्या मुलीचा फोन. माझा नंबर कॉलेजातून मिळवला तिने. पुढच्या शनिवारी अंत्यविधी आहे — इथे दोन-तीन आठवडे लागतातच.
"त्या पोरीला घेऊन या. सगळे म्हणत होते, बाबांचं वय झालं होतं. खरं काय ते ती एकटीच बोलली. चर्चमध्ये माझ्या शेजारी बसू दे."