म्हाताऱ्या भंतेंचा हात

ति. पेर्पेतुआताईस,

तुझा हात इथूनच माझ्या कपाळाला लावून अन्सेल्मो हे पत्र लिहायला बसला आहे. प्रभूच्या कृपेने मी आणि तुझी लुदिविना खाऊनपिऊन सुखी आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? कोंबड्यांची मर थांबली का? (भावजींची प्रकृती विचारत नाही. तू दरडावते आहेस तोवर त्यांना काही होणार नाही.)

तू विचारलंस, पोर परक्या मुलखात रुळली की नाही, आणि नसेल तर मे महिन्यातल्या जत्रेआधी तिला परत धाड, मासळीच्या दुकानात बसवते. तर जे घडलं ते लिहितो, पुढचं तू ठरव.

चंथाबुरीला आल्याबरोबर मी तिला या बौद्ध मुलखातल्या सगळ्या रीती समजावल्या. हात जोडून नमस्कार कर, चपला बाहेर काढ, कुणाकडे पाय करून बसू नकोस. पण तू तिला दात येण्याआधीच शिकवून ठेवलं आहेस की वडीलधारं दिसलं की त्यांचा हात घेऊन कपाळाला लावायचा, नाहीतर भात पचत नाही. शाळेत शिकवायला गेली त्या पहिल्याच सकाळी फाटकापाशी विहारातले थोरले भंते भिक्षेला आले. ऐंशीच्या पुढचे, अनवाणी, हातात पात्र. मुख्याध्यापिका रचनीबाई गुडघ्यांवर बसून भात वाढत होत्या, मागे पोरांची रांग. लुदीने विचार केला असणार, एक तर म्हातारे, त्यातून देवाचे, म्हणजे इथे दुप्पट मान. तिने सरळ त्यांचा हात धरला. (बाईमाणसाने भंतेंना स्पर्श करायचा नसतो. हे मी सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.) भंते करडासारखे मागे उडाले. पात्राचं झाकण घरंगळत गटारात गेलं. म्हातारबाबा घाबरले असं समजून तुझी लेक त्यांना धीर द्यायला पुढे. ते मागे मागे, ही पुढे पुढे, आणि नवीन बाईंनी खेळ आणलाय असं वाटून पोरांनी टाळ्या धरल्या.

रचनीबाईंनी मला बोलावून घेतलं. "अन्सेल्मोमास्तर, भाचीचं सामान फार आहे का हो?"

"एकच ट्रंक आहे, बाई."

"बरं झालं. बांधायला सोपी."

मी रोझरी खिशात घातली, लुदीला घेतलं आणि विहारात माफी मागायला गेलो. (आपल्या देवाला राग येणार नाही असं वाटलं. त्यालाही म्हाताऱ्यांशी बोलायची सवय आहे.) रचनीबाई तिथे आधीच येऊन बसल्या होत्या. भंतेंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरी आजोबांनाही असंच करतेस?"

मी लुदीचं उत्तर त्यांच्या भाषेत सांगितलं. "हो, सगळ्यांनाच."

"आणि ते पळत नाहीत?"

"त्यांचे गुडघे दुखतात."

भंते इतके हसले की कवळी सावरावी लागली. मग त्यांनी आपल्या काठीचं टोक पुढे केलं. "ही माझ्याइतकीच म्हातारी आहे. हिला चालेल." लुदीने काठी कपाळाला लावली. रचनीबाई छताकडे बघत होत्या. ट्रंकेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

खरी पंचाईत पुढे आहे. त्याच संध्याकाळी आमच्या घरमालकीण चम्नानमावशींनी दारात हात पुढे केला. "मी काही भिक्खू नाही ना? मग मला का नाही?" त्यांच्या मुली राजधानीत असतात, फोनवरूनच पाया पडतात. लुदीने हात कपाळाला लावला तशी मावशी पदर नसताना पदर शोधू लागल्या. आता रोज सकाळी गल्लीभर म्हाताऱ्या हात पुसून दारात उभ्या असतात आणि पोरीला शाळेला उशीर होतो. मावशींची धाकटी बहीण गेली कित्येक वर्षं चाळिशीच्या पुढे सरकत नव्हती. तीही वय कबूल करून रांगेत उभी राहते.

पोर रुळली का? गल्ली तिला रुळली आहे, एवढं खरं. ती मात्र रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की पुलावर उभी राहून नाक पुसते, आणि विचारलं तर इथली मिरची फार तिखट आहे म्हणते. मी लपवत नाही. तू आई आहेस. म्हणशील तर ट्रंक बांधतो.

तुझा धाकटा,
अन्सेल्मो

ता. क. ट्रंकेचं कुलूप बिघडलं आहे. दुरुस्त करणारा जत्रेनंतरच भेटेल असं दिसतं.

ता. क. २. इतकी वर्षं या गावात चर्चचा ऑर्गन वाजवतो आहे, पण माझा हात कपाळाला लावणारं इथे कुणी नव्हतं. आता तिची यायची वेळ झाली की मी वाजवणं थांबवतो आणि हात धुऊन बसतो. यावरून काय समजायचं ते समज, आणि दुकानात दुसरं कुणी बसवता आलं तर बघ.

ता. क. ३. आई, मी लुदी. मामाने पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. कुलूप मामाने बिघडवलेलं नाही, मी बिघडवलंय. त्याला सांगू नकोस. तुझ्या हातची खारवलेली कोळंबी मोठ्या बरणीत पाठव. इथेही मिळते, पण ती कोळंबी मला ओळखत नाही.