निघण्याआधीच परत आलेल्या होडीबाबत

प्रति,
मा. नौका नोंद अधिकारी,
मच्छीमार नौका आवक-जावक नोंद कक्ष,
वसई, जि. पालघर.

अर्जदार : जयराम बाळू मेहेर, राहणार पाचूबंदर, वसई.

विषय : वेळेच्या रकान्यात दिसणारे जाळे अर्जदाराचे नसल्याबाबत व साखळीने बांधलेली होडी सोडण्याबाबत.

संदर्भ : १) आपली पहिली नोटीस, जी अर्जदाराच्या होडीवर चिकटवली.
२) आपली दुसरी नोटीस, जी पहिलीवर चिकटवली.

महोदय,

१. अर्जदार संध्याकाळी साडेसहाला होडी काढतो आणि पहाटे सव्वाचारला धक्क्याला लावतो, म्हणजे लिलावाला म्हावरं ताजं मिळतं. त्याचा बापही हेच करत होता आणि त्यावर आजवर कोणी हरकत घेतली नाही. यंदा आपल्या कक्षाने होड्यांच्या वेळा संगणकावर घेतल्या. लिपिक श्री. चिराग यांनी निघण्याची वेळ १८:३० व परतण्याची ०४:१५ अशी भरली. होडी समुद्रात किती वेळ होती, ते तिसऱ्या रकान्यात संगणकाने आपणहून काढायचे होते. संगणकाने सव्वाचारातून साडेअठरा वजा केले, हिशेब शून्याच्या खाली गेला आणि त्या रकान्यात ######## अशी नक्षी उमटली.

२. ही नक्षी पाहून आपण अर्जदारावर बंदी असलेले, बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे जाळे वापरल्याचा ठपका ठेवला. नक्षी जाळ्यासारखी दिसते, हे अर्जदार नाकारत नाही. त्याने स्वतः पडद्यासमोर उभे राहून पाहिले. विणकाम सुबक आहे. पण ते त्याचे नाही. श्री. चिराग यांनी भल्या मनाने रकाना थोडा रुंद करून पाहिला, तर जाळे आणखी लांब झाले, आणि त्याच दुपारी मोठे जाळे वापरल्याचा वाढीव ठपका आला. तेव्हापासून कोणी मदत करतो म्हटले की अर्जदार दोन पावले मागे सरतो.

३. होडी निघण्याआधी परत कशी आली, याचा खुलासा आपण मागितला. मधे तारीख बदलते, असे अर्जदाराने सांगितले. रकाना वेळेचा आहे, त्यात तारखेला जागा नाही, असे आपण म्हणालात. अर्जदाराची पुतणी दिपिका बोळिंजला राहते व तिच्या ऑफिसात अशाच शीटवर काम करते. वेळेबरोबर तारीखही लिहा, म्हणजे हिशेब बरोबर येईल, असे तिने आपल्यासमोर करून दाखवले. तक्ता वरून आला आहे, त्याला हात लावता येणार नाही, असे सांगून आपण ते पुसायला लावलेत. त्याऐवजी सर्व होड्यांनी रात्री बाराच्या आत परतावे, असा तोंडी हुकूम दिलात. अर्जदाराची पत्नी कमळी लिलावाला बसते. ती तेव्हा म्हणाली, "भरतीचं पानी काय तुमच्या खान्यात बसवून आनू?" तिचा आवाज मुळातच मोठा आहे, राग मानू नये.

४. बाकीचे होडीवाले मात्र शहाणे निघाले. ते संध्याकाळी होडी काढण्याआधीच परतल्याचीही नोंद करून मोकळे होतात : निघाले सकाळी सहाला, परतले दुपारी बाराला. आपल्या तक्त्याप्रमाणे रोज सकाळी सगळे पाचूबंदर समुद्रात असते. प्रत्यक्षात त्या वेळी सगळ्या होड्या आपल्या खिडकीखाली बांधलेल्या असतात आणि मालक घरी घोरत असतात. त्या नोंदींवर आपला शेरा 'समाधानकारक' असा आहे. तूही तसंच लिही, असे शेजारच्या पास्कलने अर्जदाराला दोनदा समजावले. अर्जदाराने ऐकले नाही. यात प्रामाणिकपणा कमी व हट्ट जास्त, असे कमळीचे मत आहे. आपण त्याची होडी साखळीने बांधली.

५. गेल्या मंगळवारी संध्याकाळी पास्कल समुद्रात गेला. बुधवारी पहाटे लिलाव उरकला तरी त्याचा पत्ता नाही. त्याची बायको ग्रेसी आपल्या कक्षात धावत आली, शोधायला बोट पाठवा म्हणून हात जोडले. श्री. चिराग यांनी तक्ता उघडला. पास्कल आदल्या दुपारी बाराला परतलेला होता. परतलेल्या माणसासाठी बोट पाठवता येत नाही, घरी नीट बघा, असे तिला सांगण्यात आले. महोदय, ती खरोखरच घरी गेली. भीतीने तिची मती गेली होती. तिने खाटेखालीसुद्धा वाकून पाहिले. हे कमळीने डोळ्यांनी पाहिले आणि अर्जदाराला येऊन सांगितले.

६. त्यानंतर अर्जदाराने साखळी तोडली. हे तो कबूल करतो. सकाळी नऊला निघून त्याने दिवसभर शोध घेतला. पास्कलचे इंजिन बंद पडले होते आणि होडी ओहोटीबरोबर पार बाहेर वाहत गेली होती. पिण्याचे पाणी संपले होते, बोलायला त्याला आवाज नव्हता. त्याची होडी दोरखंडाने ओढत धक्क्यावर आणली तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. ग्रेसी तिथेच उभी होती.

७. आता आपण होडी पुन्हा नव्या साखळीने बांधली आहे आणि आपली दुसरी नोटीस आहे, की बांधलेली होडी विनापरवाना काढली, सबब त्या फेरीच्या वेळा भराव्यात. भरल्या, तर पुन्हा जाळे येणार. रात्रीचा दीड न लिहिता दुपारचा दीड लिहा, मी निभावून नेतो, असे श्री. चिराग कानात म्हणाले. माणूस वाईट नाही. पण हे ग्रेसीला कळले तेव्हा ती म्हणाली, "माजा मानूस दुपारी नाय आला. रातचा आला. मी उबी व्हते ना तितं. तोच टायम लिवा."

८. तरी विनंती, की होडी सोडावी व वेळेसोबत तारीख लिहू द्यावी, म्हणजे पुढच्या वेळी कोणी समुद्रात असताना घरी सापडणार नाही. बाकी सर्व फेऱ्यांची जाळी अर्जदार साफ नाकारतो. बुधवारच्या फेरीची वेळ मात्र त्याने स्वतः खरी भरली आहे, आणि त्या रकान्यात जे जाळे आले ते त्याचेच आहे. त्यात पास्कल मिळाला.

आपल्या निर्णयाकडे व भरतीकडे डोळे लावून बसलेला,

(सही)
जयराम बाळू मेहेर
दिनांक : अर्ज लिहायला घेतला तो रविवार, पुरा झाला तो सोमवार. दोन्ही वार धरावेत.

सोबत : तुटलेली साखळी, एक नग.