अंगठा कुणी हलवला?

१२ मार्च २००६, कोल्हापूर

बंगळुरूहून तपासणी करून परतलो. डॉक्टरांनी डोक्याशी चुंबकाचं कडं धरलं आणि माझा अंगठा उडाला. मी हलवला नव्हता! अंगठा सगळ्यांचाच उडतो म्हणे. पण मेंदूला आवरणारा झटका दिल्यावरही माझा तसाच उडाला. माझ्या उन्माद-नैराश्याच्या आजारात मेंदूचा ब्रेक असा ढिला असू शकतो. त्यावर रोजची गोळी दिली आहे.

म्हणजे रात्र रात्र न झोपता सुसाट ठोकलेली ती भाषणं? "साहेब पेटल्यात, आणखी दोन सभा लावा," म्हणत कार्यकर्ते नाचायचे. ते विचार माझेच ना? की तेही अंगठ्यासारखे?

पुढच्या रविवारी जयसिंगपूरला सभा आहे. बायकोला म्हटलं, "गोळीनं जीभ जड झाली तर?"

"हूं दे की! लोकांस्नी तुमचं बोलणं एकदा तरी कळंल."

संतापून तोंड उघडलं, उघडलंच होतं म्हणून गोळी घेतली.